फुगडीला जमतं, मग चालायला का नाही?

पत्र डिचोली तालुक्यातून आलंय. नाव देत नाही, आणि लांबलचक आहे म्हणून मधलं बरंच कापलंय.

"माई, वय ४७. पणजीत सरकारी ऑफिसात आहे, रोज बसनं ये-जा, कदंब स्टँडवरून ऑफिसपर्यंत पायलट (मोटरसायकलची टॅक्सी) करते कारण चालत गेले तर उशीर होतो. उंची पाच फूट दोन, वजन ७८. परवा टेस्ट केली तर तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले डायबिटीस नाही पण उंबरठ्यावर आहात, वजन उतरवा. जिमचे वर्षाचे पैसे भरले होते, तीन आठवडे गेले. भात सोडला, नऊ दिवस टिकलं. चवथीची फुगडीची प्रॅक्टिस सोडली तर वर्षभर अंग हलवायचं नाव नाही. वय झालं, मेटाबॉलिझम मंदावला, आता काय कमी होणार असं पण वाटतं. भाच्याच्या लग्नाचे फोटो आले, प्रत्येकात मी कुणाच्या तरी मागे लपलेली. नवरा मुलीसमोर म्हणाला, तुझ्यानं काय होणार नाही. माई, माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? मोटिव्हेशन येतं आणि दोन दिवसांत जातं, ते आणू कुठून? आणि परत जिम लावू का?"

बाये, एक वाक्य तू येता-जाता लिहून पुढं गेलीस आणि मी तिथंच अडकले. चवथीची फुगडी. श्रावण लागला की तुम्ही वाड्यावरच्या बायका देवळाच्या मंडपात जमता, जेवणं उरकून, भांडी तशीच सिंकमधे टाकून, आणि मग तास-दीड तास गोल धरून वाकायचं, उठायचं, टाळ्या देत फिरायचं, पदर खोचलेला, पाठीवर ब्लाऊज भिजून चिकटलेला, शेवटी जोडीनं गरागरा फिरून फू करून दम सोडायचा, आणि कुणाची तरी टाळी चुकली म्हणून पाणी पिऊन परत पहिल्यापासून. हे महिनाभर. दिवसा ऑफिस, दोन वेळचा बसप्रवास, वर चवथीची साफसफाई आणि नेवऱ्या-लाडवांची गडबड चालू असताना. इच्छाशक्ती नसलेली बाई हे करेल का गो?

मग ती चवथीला येते कुठून ते बघ. तिथं तुला कुणी विचारत नाही की आज मूड आहे का. ठरलेली वेळ म्हणजे ठरलेली वेळ, शेजारीण दारात येऊन हाक मारते, तू गेली नाहीस तर तुझी जोडीदारीण एकटी उभी राहते, आणि चवथ कुणासाठी पुढं ढकलत नाहीत. नाचायला मजा येते हे तर आहेच. पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे त्या महिन्यात घरातल्या सगळ्यांनी मान्य केलेलं असतं की आई प्रॅक्टिसला गेलीय, भूक लागली तर वाढून घ्या. बाकीचे अकरा महिने तुझा प्रत्येक तास कुणाच्या तरी डब्याचा, कुणाच्या गोळ्यांचा, कुणाच्या क्लासचा. त्यातून उरलेल्या वेळात, तेही दमलेल्या अंगानं, तू स्वतःला जिमला ढकलत होतीस आणि तीन आठवड्यांत बंद पडलं की स्वतःलाच बोल लावत होतीस. म्हणून सांगते, मोटिव्हेशनची वाट बघणं सोड. ते सुरू केल्यावर मागाहून येतं, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी ठरलेली वेळ आणि दारातली हाक कामाला येते.

आता वयाचं. २०२१ साली सायन्स या मासिकात सहा हजारांवर माणसांचा मोठा अभ्यास आला, त्यात दिसलं की शरीराचा आकार धरून हिशेब केला तर साधारण विशीपासून साठीपर्यंत ऊर्जा जाळायचं प्रमाण जवळजवळ सारखंच राहतं. म्हणजे तुझी मशीन बंद पडलेली नाही. होतं काय, तर तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात आणि न वापरले तर जास्तच, पाळी जायच्या वर्षांत चरबी पोटाकडं सरकते, झोप मोडते, आणि नोकरी बसून. यातल्या बऱ्याच गोष्टींवर आपला हात चालतो.

शुगरचं मात्र मनावर घे, घाबरू नकोस पण घे. ६.५ झाली की डायबिटीस म्हणतात, तू ६.१ वर आहेस. २०२३ साली आयसीएमआरचा देशभरचा अभ्यास आला त्यात डायबिटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चारात एकाहून जास्त. आपल्यातल्या प्रत्येकीच्या घरात कुणीतरी आहेच. पण उंबरठ्यावरून मागं फिरता येतं. अमेरिकेत अशाच उंबरठ्यावरच्या लोकांचा अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला, ज्यांना वजनाच्या ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा असं ध्येय देऊन मदत केली त्यांच्यात साधारण तीन वर्षांत डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं, डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या अभ्यासात, २००६ साली आलेल्या, चालणं आणि खाणं सुधारून फायदा २८ टक्क्यांच्या आसपास निघाला, तोही थोडा नाही.

७८ चे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. तू पत्रात 'लग्नातल्यासारखी ५५ किलो' लिहिलंयस तो आकडा डोक्यातून काढून टाक, त्या आकड्यानंच तुला दोनदा घरी बसवलंय. साडेपाच किलो, पाच-सहा महिन्यांत. आणि गुडघा दुखतो म्हणतेस ना, वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळजवळ चार किलोनं कमी होतो, हेसुद्धा मोजून बघितलेलं आहे.

१५० मिनिटं कुठून आणायची? पायलटमधून. स्टँडवरून तुझ्या ऑफिसला चालत पंधरा मिनिटं लागतात असं तूच लिहिलंयस. सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा, आठवड्याचे पाच दिवस, झाले १५०, वेगळा वेळ काढायला नको, बूट घालून पहाटे उठायला नको. जरा भरभर चालायचं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. पुलावरून वारा येतो तेवढाच आधार, एप्रिल-मेमधे घाम येणारच, ऑफिसच्या कपाटात एक जादा ब्लाऊज आणि टॉवेल ठेव. पावसाचं कारण मी ऐकणार नाही कारण आपल्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्याच्यासाठी थांबलीस तर जून ते सप्टेंबर गेलेच. रबरी चपला आणि मोठी छत्री, आणि अगदीच धो धो असेल त्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या मंडपात फेऱ्या, तिथं छप्पर आहे.

पण यासाठी तुला आत्तापेक्षा आधीची बस धरावी लागणार, म्हणजे घरातून वीस मिनिटं लवकर निघायचं, आणि खरा प्रश्न इथं आहे. ती वीस मिनिटं तू झोपेतून काढायची नाहीस. आधीच सहा तास झोपतेस, आणखी कमी केलीस तर भूकही वाढेल आणि चिडचिडही. ती घरच्यांनी द्यायची. नवऱ्याचं दुकान साडेनऊला उघडतं, मुलगी १९ वर्षांची आहे. डबे भरणं नवऱ्याकडं, सासूबाईंचा चहा आणि सकाळच्या गोळ्या मुलीकडं. 'मला जरा सपोर्ट करा' असं मोघम बोलू नकोस, त्यानं काहीच होत नाही, सोमवारपासून डबे तुम्ही भरायचे असं नाव घेऊन काम सांग. पहिल्या आठवड्यात भाजी सांडेल, झाकण उलटं लागेल, मधे पडू नकोस. तो मुलीसमोर जे बोलला ते मला अजिबात आवडलेलं नाही, आणि तुला लागलं हे तू त्याला सरळ सांगावंस, भांडणात नाही, शांतपणे, मुलगी नसताना. कदाचित त्याला माहीतही नसेल ते किती आत गेलंय. आणि माहीत असेल तर मग सांगायलाच हवं.

खाण्याचं. भात सोडायचा हे तुझ्या डोक्यात कुणी घातलं? गोव्यात शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, सोडून बाई किती दिवस जगणार, दहाव्या दिवशी दुप्पट जेवलीस ते साहजिक होतं. शीत खा, उकड्या तांदळाचंच खा, फक्त ताटातल्या जागा बदल. तुझ्या डब्यात आज काय असतं, तीन वाट्या शीत, त्यावर हुमण, रव्यातला तळलेला एक तुकडा आणि कोपऱ्यात भाजी दोन चमचे. भाजी वाढवून अर्धा डबा कर, शीत दीड वाटीवर आण, तळलेल्याऐवजी हुमणातलेच दोन तुकडे घे, तारले घे, बांगडा घे, स्वस्त आणि प्रोटीनला उत्तम. जून-जुलैची मासेमारी बंदी आणि श्रावण आला की मूग आणि अळसांदे, तोणाक म्हणजे नारळाच्या वाटणाची उसळ करून, नारळाचा हात जरा आखडता घेऊन.

तुझा खरा घोळ मात्र जेवणात नाहीच, संध्याकाळी पाच ते सातमधे आहे. दुपारी एकला जेवलेली बाई सहाला स्टँडवर पोचते, जीव कासावीस, मग दोन मिरची भजी, घरी पोचून चहाबरोबर पोदेराचे (पाववाल्याचे) दोन उंडे पाव बटर लावून, आणि नऊला परत जेवण. यात हावरटपणा नाही, ही भूक आहे, आणि भुकेशी भांडून कुणी जिंकत नाही. पाच वाजता ऑफिसातच काहीतरी खा, मूठभर उकडलेले चणे, एखादं केळं, ताक, काहीही, पण स्टँडवर रिकाम्या पोटी उतरायचं नाही. उंड्यांच्या जागी पोदेराचीच कोंड्याची पोळी (कोंडा घातलेला पाव) घेतलीस तर बरं, खरोखर आतपर्यंत कोंडा आहे ना ते मोडून बघ, हल्ली नुसता वरून लावलेला पण मिळतो. चवथीला नेवरी खायची. जत्रेला खाजं खायचं. ते चार दिवस वजन वाढवत नाहीत, रोजची भजी वाढवतात.

स्नायूंसाठी आठवड्यातून दोन दिवस दहा मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, दम खाऊन परत दहा. भिंतीला हात लावून ढकलायचं. गुडघा कुरकुरला तर खुर्चीवर उशी ठेवून उंच कर. आणि मंडळाच्या बायकांशी बोल, विसर्जन झालं की तुमचा गोल मोडतो तो मोडू देऊ नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी मंडपात फुगडी, स्पर्धा असो नसो, पौषात बायकांच्या नाचगाण्याचे धालो येतातच, तिथपर्यंत ओढायचं आणि तिथून पुढं होळीचा शिगमो. मला खात्री आहे तुझ्यासारख्या आणखी पाच-सहा जणी त्या गोलात आहेत ज्यांना हेच हवंय आणि कुणी पहिली बोलत नाही. तू बोल.

सुरू करायच्या आधी डॉक्टरांना गुडघा दाखव, बीपी आणि थायरॉईड बघून घे, चालताना छातीत दाटलं किंवा विचित्र दम लागला तर थांबायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं. रात्री घामानं जाग येते, उगाच रडू येतं असं लिहिलंयस, ते पाळीच्या डॉक्टरांना सांग, त्यावर उपाय असतात, सहन करत बसायचं कारण नाही. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी. टेप घेऊन कंबरही माप, आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात, आज कितीही असो लिहून ठेव, कारण काही महिने वजनाचा काटा हलत नाही आणि कंबर मात्र कमी झालेली असते. शुगरची तीच टेस्ट तीन महिन्यांनी परत.

फोटोंचं वाचून मला वाईट वाटलं गो. पुढच्या लग्नात पुढं उभी राहा, ७८ ला सुद्धा. भाच्याला मावशीचा चेहरा हवाय फोटोत.

आणि जिम, आत्ता लावू नकोस. पायलट सुटून तीन महिने झाले, चालणं अंगवळणी पडलं, आणि तरीही आणखी काही करावंसं वाटलं तर लाव, पण पैसे महिन्याचे भर, वर्षाचे नकोत, जागा घर ते बसस्टॉप या वाटेवरची बघ, आणि मंडळातली एखादी बरोबर येणार असेल तरच.