मुलगा स्टिल्ट घालून सीलिंग करतो, मी काय करू?

नमस्कार सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सर झेडपी शाळेत शिक्षक आहेत. मुलगा बारावी सायन्स, ५८ टक्के, लातूरला राहून नीट दोनदा दिली, दुसऱ्या वेळी ७२० पैकी २१२. रिझल्टनंतर तो पुण्याला मामाकडे गेला, मामा फॉल्स सीलिंगची कामं घेतो, आणि आता चिरंजीव परत यायला तयार नाहीत. वर साठवलेल्या पैशातून ऑनलाइन स्टिल्ट मागवलेत, म्हणजे पायाला बांधायचे ते ॲल्युमिनियमचे उंच पाय, २४ ते ४० इंचांपर्यंत वाढणारे, ते घालून छताचं काम करायचं आणि पुढेमागे ऑस्ट्रेलिया गाठायची असा त्याचा प्लॅन. सर विचारतात, तिसऱ्यांदा नीटला बसवू की बी.एससी.ला घालू, आणि हे ‘डोंबाऱ्याचं खूळ’ त्याच्या डोक्यातून काढू कसं.

त्या शिवीपासूनच सुरुवात करते, कारण ती तुम्ही शिवी म्हणूनच वापरलीय. दोरीवर चालून पोट भरणाऱ्या माणसांची पोरं उद्या तुमच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसतील सर, त्यांच्यासमोर हे बोलणार आहात का?

पत्रात भावकी आहे, स्टाफरूम आहे, मेहुण्यांचा एमबीबीएसवाला मुलगा तर तीनदा आलाय. पण तुमचा मुलगा काम कसं करतो याबद्दल एक ओळ नाही. त्याने स्टिल्टवर चालतानाचा व्हिडिओ स्टेटसला टाकला तर तुम्ही फोन करून डिलीट करायला लावला, हे तुम्हीच लिहिलंय, आणि चार ओळी खाली लिहिलंय की तो हल्ली माझ्याशी बोलत नाही. मग काय बोलेल तो? लातूरच्या दोन वर्षांत त्याला रोज फक्त मार्क विचारले गेले असणार, आणि आता पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी दाखवायला गेला तर ते पुसायला लावलं. मला त्याच्या २१२ मार्कांपेक्षा याचीच जास्त काळजी वाटते.

नीट तिसऱ्यांदा नको. बी.एससी. त्याला स्वतःला करायची असेल तर ॲडमिशन मिळेल, तुमच्या समाधानासाठी असेल तर तीन वर्षांची फी पाण्यात.

आता चिरंजीवांकडे वळते, कारण एक गैरसमज त्याचाही आहे, आणि गंमत म्हणजे तुमचाही तोच. तुम्हाला दोघांनाही स्टिल्टच दिसतात, त्याला भारी वाटतात आणि तुम्हाला लाज वाटते. परदेशातल्या व्हिडिओत जो माणूस स्टिल्टवरून सराईत फिरताना दिसतो ना, त्याला चालण्याचे पैसे मिळत नाहीत, जॉइंटचे मिळतात. जिप्समचे बोर्ड आधीच स्क्रूने बसलेले असतात, हा फक्त दोन बोर्डांच्या मधल्या फटीवर टेप दाबतो, वर लांबीसारखं कंपाउंड ओढतो, वाळलं की दुसरा हात, तो पहिल्यापेक्षा रुंद, मग तिसरा आणखी रुंद, मग सँडिंग. हलकं काम, हातात पॅन आणि पत्ती, बाकी काही नाही, आणि खाली साफ झाडलेली सपाट फरशी. आपल्याकडच्या साइटवर काय असतं? वायरी, चॅनलचे तुकडे, अर्धी फोडलेली पीओपीची गोणी, ओली फरशी. त्यात स्लॅबला सिमेंटचा गिलावा मारायचा असेल तर थापीने जोर लावून माल वर फेकावा लागतो, त्या धक्क्याला स्टिल्टवर तोल राहत नाही, तिथे आपला घोडा, म्हणजे उभं राहायचा स्टँड, आणि त्यावरची फळीच बरी. आणि घोड्यावरून तोल गेला तर माणूस निदान उडी मारतो, स्टिल्टमध्ये पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत पट्ट्यांनी बांधलेले असतात, त्यामुळे सरळ आडवाच पडतो. अमेरिकेत ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याचा, नियमच आहे की स्टिल्ट घालून परांचीवर चढायचं तर ती मोठी, सलग परांची हवी, पृष्ठभाग सपाट, खड्डे-कचरा नसलेला हवा आणि कठडा स्टिल्टच्या उंचीइतका वाढवलेला हवा. त्याला म्हणावं स्टिल्ट ठेव, पण मामाच्या हाताखाली जॉइंट पक्का बसेपर्यंत घोड्यावरूनच काम कर, आणि पुढे घालशील तेव्हाही आधी खोली झाडायची, एक माणूस खाली माल द्यायला ठेवायचा आणि जिन्याच्या आसपासही फिरकायचं नाही.

तुम्ही मात्र एक काम करा. एका रविवारी पुण्याला जा, त्याने केलेलं सीलिंग बघा, रंग मारायच्या आधी. मोबाईलचा टॉर्च लावा आणि छताला चिकटवून आडवा धरा. जॉइंट कच्चा असेल तर उजेडात लगेच उंचवटा दिसतो, हात चांगला असेल तर कुठून कुठे बोर्ड जोडलाय ते कळतही नाही. वीस वर्षं वह्या तपासल्यात ना, ही एक तपासा. आणि कृपा करून तिथे एमबीबीएसचा विषय काढू नका.

ऑस्ट्रेलियाचं म्हणाल तर स्वप्न अगदीच हवेतलं नाही. तिकडे जिप्समची छतं-भिंती करणारा ‘फायब्रस प्लास्टरर’ हा रीतसर ट्रेड आहे, तिथली मुलं त्यासाठी तीन-चार वर्षांची ॲप्रेंटिसशिप करतात. बाहेरून जाणाऱ्याचं कौशल्य ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही तिथली सरकारी संस्था तपासते, आणि ते व्हिडिओ बघत नाहीत, कागद बघतात. शिक्षणाचे, कामाचे, पगाराचे. इंग्रजीही लागतं. तुमच्या मुलाकडे आज यातलं काहीच नाही. बारावीला मॅथ्स होतं म्हणता, तर सिव्हिल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा फॉर्म भरायला लावा, दोन वर्षांत डिप्लोमा, सुट्टीत साइट. तो ऐकणार नसेल, शाळा-कॉलेजच नको म्हणत असेल तर जबरदस्ती नको, आयटीआयला गवंडीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तोही चालेल.

आणि मामांना एक प्रश्न विचारायचा राहिलाय, तो तुम्हीच विचारा. पोराला मजुरी किती देता, आणि ती बँकेतून देता की हातात? भाचा म्हणून जेवणखाण आणि खर्चाला पाचशे असं चाललं असेल तर तेही थांबवा. पगार खात्यात जमा व्हायला हवा, हजेरी लिहिली जायला हवी. वर्षात ९० दिवस काम झाल्याचा दाखला मिळाला की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी करून टाका, वय १८ पूर्ण लागतं, ते आहेच त्याचं. मामा कुरकुर करतील. करू द्या.