टाळ वाजता ठेव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकादशीचा उपास धरतेस आणि सख्ख्या भावाशी चार महिने बोलत नाहीस, मग हा उपास ढोंग आहे का, असं विचारलंयस. ढोंग नाही गं. अर्धा राहिलाय, एवढंच.

देवळात जाणं होत नाही ही खंत तर सोडूनच दे. आळंदीहून अडीचशे किलोमीटर चालत गेलेले कितीतरी वारकरी पंढरपुरात दर्शनबारीला लागतही नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, लांबूनच कळसाला हात जोडतात आणि परतीची एसटी धरतात. त्यांची वारी विठोबाला पोचते. मग हिंजवडीतल्या खोलीत ऑफिसची बस यायच्या आधी तू पाच मिनिटं डोळे मिटून बसतेस, ते का पोचू नये?

भावाचं मात्र मनाला लागलं. म्हणून वारीतलीच एक गोष्ट सांगतो.

माउलींच्या पालखीच्या तळावर रोज संध्याकाळी समाज आरती असते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, हजारो टाळांचा कल्लोळ. चोपदार हातातला चोप उंच करतो, मोठ्यांदा ‘हो’ म्हणतो आणि क्षणात सारा तळ शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, गाऱ्हाणं ऐकतो, तोडगा काढतो. हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ, हे सांगून होतं आणि मगच आरती. मला ही रीत फार मोलाची वाटते. तक्रार करणाऱ्याला तिथे कोणी तंटेखोर म्हणत नाही. गाऱ्हाणं मिटल्याशिवाय आरतीच नाही!

हे सगळं डोळ्यांनी पाहूनही मी एका वर्षी चुकलो. लोणंदच्या मुक्कामात झोपायच्या जागेवरून दिंडीतले एक जण मला चारचौघांत टाकून बोलले. दिंडीत ज्यांचा शब्द मानतात त्या विणेकऱ्यांच्या कानावर घालायला हवं होतं. मी गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्याला सहनशीलता समजलो. दुसऱ्या दिवशी वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावला. अश्वाच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावत होते, आणि माझं लक्ष ते गृहस्थ कुठे उभे आहेत इकडे. हरिपाठ झाला की सगळे एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा मी त्यांना चुकवायचो. पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीपर्यंत असाच चाललो. पुढच्या वर्षी धीर करून बोललो, तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “माउली, तेव्हाच का नाही बोललात?” त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“तुला काय, पैसे पाठवले की झालं,” हे भावाचं वाक्य तुला सलतंय. ते त्याच्या कानावर गेलंच पाहिजे. त्याला सांग, ‘दादा, या बोलण्याने मी रडले.’ तेवढंच सांग. घराच्या वाटणीचा आणि तुझ्या लग्नाच्या बोलणीचा विषय त्यात ओढू नकोस. एका वेळी एकच गाऱ्हाणं.

आणि त्याचाही टाळ वाजत असेल. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी सहा रात्री तो दवाखान्यात बाकावर झोपला, हे तूच लिहिलंयस, तेही एका ओळीत. त्या सहा रात्रींबद्दल त्याला विचार आणि मधे न बोलता ऐक. तो चिडेल, आवाज चढवेल, तरी ऐक. त्याने ‘चुकलं माझं’ म्हटलं की मात्र तुझा टाळ थांबव. हे अवघड आहे. मला अजून दर वेळी जमत नाही.

व्हॉट्सॲपवर लिहू नकोस, आवाज ऐकू दे त्याला. शनिवारी नऊला दुकान बंद करून तो मोकळा होतो ना? तेव्हा फोन लाव. आई आता जिना चढते का, तिथून सुरुवात कर.

तुझा,
काका