सत्ताविसाव्या वर्षी बदललेली जागा

प्रश्न : मी साताऱ्याचा असून परराज्यातील एका क्लबकडून व्यावसायिक फुटबॉल खेळतो. वय 27. शाळेपासून आजवर मी उजव्या बाजूचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, म्हणूनच खेळलो. यंदा मात्र नव्या प्रशिक्षकांनी मला राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, म्हणून उतरण्यास सांगितले आहे. सराव सामन्यांत माझ्या समोरून सहसा कोणी निसटत नाही, तरीही माझ्या बाजूने गोल होतात, आणि तेही चेंडू पलीकडच्या बाजूला असताना. वडिलांना ही उतरती कळा वाटते. माझा करार पुढच्या वर्षी संपतो. सुटीत घरी आलो की मी यवतेश्वरच्या घाटात धावतो. याखेरीज काय करावे, की सरळ नकारच द्यावा?
— एक खेळाडू, सातारा

उत्तर : नकार देऊ नका, असेच मी सांगेन. आपल्या वडिलांची काळजी समजण्यासारखी आहे, कारण गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते आणि गोल होऊ न देणाऱ्याचे क्वचितच येते. तथापि एखादा खेळाडू प्रशिक्षकाच्या मनातून उतरला, की तो राखीव बाकावर बसतो. त्याच्यासाठी नवी जागा शोधण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. ज्याच्या वेगावर आणि दमावर विश्वास आहे, पण जो पुढच्या फळीत पुरेसा उपयोगी पडत नाही, अशाच खेळाडूचा असा विचार होतो. हे ऐकायला कठोर वाटेल, पण त्यातला पहिला भाग आपल्या जमेचा आहे.

आपल्या परिस्थितीशी सर्वांत जुळणारे उदाहरण इक्वेडोरच्या अँतोनियो व्हॅलेन्सियाचे आहे. तो 2009 मध्ये विंगर म्हणून मँचेस्टर युनायटेडमध्ये आला, तिशीच्या उंबरठ्यावर राइट बॅक म्हणून स्थिरावला आणि 2018 मध्ये त्याच क्लबचा कर्णधार झाला. नायजेरियाच्या व्हिक्टर मोझेसला चेल्सीने सलग तीन हंगाम इतर क्लबांकडे उसने दिले होते. 2016 मध्ये प्रशिक्षक अँतोनियो काँते यांनी त्याला उजवा विंग बॅक, म्हणजे कडेवर बचाव आणि चढाई दोन्ही करणारा खेळाडू, केले आणि तो हंगाम संपला तेव्हा चेल्सी इंग्लंडचा विजेता होता. मोझेसच्या पाठीशी मात्र तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, होते; दोन विंग बॅक धरून ती फळी पाचांची होते. आपल्या प्रशिक्षकांची रचना चार बचावपटूंची आहे की पाचांची, हे त्यांना आधी विचारा, कारण चारांच्या फळीत चुकीला झाकणारे कोणी नसते.

आता आपल्या बाजूने होणाऱ्या गोलांविषयी. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. समोरून कोणी निसटत नाही, याचा अर्थ टॅकल करणे, म्हणजे समोरच्याकडून चेंडू हिसकावणे, आपल्याला जमते. उणीव आहे ती चेंडू दूर असताना उभे राहण्यात. विंगरला वर्षानुवर्षे चेंडूकडे पाहण्याची सवय लागलेली असते. चेंडू आपल्या संघाच्या डाव्या बाजूला गेला, की तो उजव्या रेषेजवळ थांबून पुढच्या पासची वाट पाहतो, आणि ते त्याचे कामच असते. राइट बॅकने नेमक्या त्याच वेळी आत सरकून आपल्या सेंटर बॅकच्या जवळ यायचे असते, आणि छाती चेंडूकडे सरळ न ठेवता शरीर अर्धे वळवून असे उभे राहायचे असते, की चेंडू आणि आपल्या पाठीमागून धावत येणारा विरोधी विंगर हे दोघेही मान थोडी वळवताच दिसावेत. छाती सरळ राहिली, तर क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर दिलेला पास, हवेत उडेपर्यंत तो माणूस आपल्या खांद्यामागून दूरच्या गोलखांबाशी पोहोचलेला असतो आणि त्यानंतर कितीही वेगाने धावले तरी उपयोग होत नाही.

ऑफसाइडची रेषाही अशीच सांभाळावी लागते. पास सुटताना गोलरक्षक सोडून आपल्या सर्वांत मागच्या बचावपटूच्याही पलीकडे असलेला विरोधी खेळाडू ऑफसाइड ठरतो. बाकीचे तिघे पुढे सरकले आणि आपण एक पाऊल मागे राहिलात, तर त्या एका पावलामुळे विरोधी संघाचे सगळे आघाडीपटू नियमात बसतात. म्हणून डावीकडे आपल्या सेंटर बॅककडे पाहत राहण्याची सवय जाणीवपूर्वक लावून घ्या, आणि त्याने मोठ्याने हाक मारून आपल्याला जागेवर आणावे, असे त्याच्याशी आधीच ठरवून ठेवा.

यवतेश्वरच्या चढाने दम वाढतो, तो सोडू नका. मात्र बचावपटूला आडवे सरकावे लागते, उलटे धावावे लागते आणि एकाएकी वळून स्वतःच्या गोलकडे पळावे लागते. यांत जांघेच्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर जो ताण येतो, त्याची तयारी घाटात होत नाही. त्यासाठी शाहू स्टेडियमसारखे सपाट मैदान, एक जोडीदार आणि छोट्या अंतरांचा सराव हवा. क्लबकडून सामन्यांचे चित्रीकरण मागून घ्या आणि ते पाहताना चेंडूवरची नजर काढून केवळ पलीकडच्या बाजूच्या फुल बॅककडे, म्हणजे कडेच्या बचावपटूकडे, पाहा.

कराराबाबत थोडक्यात सांगतो. गोल किंवा गोलसाहाय्यावर आपला बोनस ठरलेला असल्यास पुढच्या बोलणीत तो खेळलेल्या सामन्यांवर आणि गोल न स्वीकारलेल्या सामन्यांवर बदलून मागा. किती सामने ही जागा आपल्याकडे राहील, हेही प्रशिक्षकांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा.

वडिलांना आपल्याच जिल्ह्यातील ललिता बाबर यांची आठवण करून द्या. माण तालुक्यातील मोही गावच्या या धावपटूने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळवला होता. तेथे नाव झालेले असताना त्या 3000 मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे, वळल्या. 2014 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. रिओत धावल्या तेव्हा त्या आपल्याच वयाच्या होत्या.

प्रश्न : वय वाढले की फुटबॉलपटू मागच्या फळीतच का सरकतात? मागून पुढे गेलेले कोणी नाही का? आणि एकदा बदललेली जागा परत मिळते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पुढच्या फळीतील खेळाडूला बहुतेक वेळा गोलकडे पाठ करून, मागून धक्के सोसत चेंडू घ्यावा लागतो. मागे आले की सारे मैदान समोर दिसते, आणि वेग थोडा कमी झाला तरी अनुभवाने तो भरून काढता येतो. आंद्रेआ पिर्लो हे याचे सुंदर उदाहरण आहे. 2001 मध्ये इटलीतील ब्रेशिया संघात आघाडीमागची त्याची आवडती जागा रॉबेर्तो बाजिओकडे असल्यामुळे प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी त्याला बचावफळीच्या पुढ्यात खेळवले; तेथूनच त्याचे लांब पास जगाला दिसले आणि 2006 मध्ये तो विश्वविजेत्या इटलीचा आधारस्तंभ ठरला.

पुढे सरकलेलेही आहेत, परंतु बहुधा कोवळ्या वयातले. गॅरेथ बेल लेफ्ट बॅक होता. टॉटनहॅम या इंग्लिश क्लबमध्ये तो विंगर झाला आणि ऑक्टोबर 2010 मध्ये इंटर मिलानच्या मैदानावर त्याने हॅटट्रिक केली, तेव्हा तो 21 वर्षांचा होता.

जागा परत मिळू शकते. प्रशिक्षक पेप गार्दिओला यांनी बायर्न या जर्मन क्लबमध्ये फिलिप लामला राइट बॅकवरून मधल्या फळीत आणले होते, आणि 2014 च्या विश्वचषकाची सुरुवातही त्याने जर्मनीकडून तेथेच केली. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध मात्र त्याला पुन्हा राइट बॅकवर पाठवण्यात आले. कर्णधार असूनही त्याने ती जागा घेतली आणि जर्मनीने विश्वचषक जिंकेपर्यंत तो तेथेच खेळला.