शहरी वाहतुकीवरचा सरकारी पैसा हवामान उद्दिष्टांशी कसा जोडता येईल? मेट्रो, ई-बस की ग्रीन बाँड?

प्रश्न परीक्षेतला वाटतोय, उत्तर मात्र इंदूरच्या एका निवृत्त बँकवालीचं आहे. शेवटची बारा वर्षं मी कर्ज विभागात होते आणि 2013 साली आयबस, म्हणजे राखीव लेनमधून धावणारी सिटी बस, सुरू झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत एल.आय.जी. ते भंवरकुआं रोज त्याच बसने गेले. त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे, हे आधीच सांगते.

बँकेत कोणी पिठाच्या गिरणीसाठी कर्ज घेतलं आणि गिरणी विकून तिथे मोबाइलचं दुकान टाकलं, तर इन्स्पेक्शनला गेल्यावर मी चहासुद्धा घ्यायचे नाही. पैसा ज्या कामाला घेतला त्या कामात नसेल, तर सगळी रक्कम एकदम परत मागायची. याला आम्ही एंड यूज म्हणतो. सरकारी वाहतूक प्रकल्पांत हे एंड यूज उद्घाटनाच्या फितीपाशी संपतं. पुढे त्या वस्तूचं काय झालं, ते बघायला कोणी येत नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता आमचं उदाहरण घ्या. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावून फक्त बससाठी ठेवलेली लेन, जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-सुधार योजनेतून झाली. त्या योजनेत आमच्या आकाराच्या शहरांना निम्मा पैसा केंद्र द्यायचं, वीस टक्के राज्य आणि तीस टक्के महापालिका. म्हणजे त्या लेनमध्ये नाशिकच्या आणि नागपूरच्या माणसाचाही कर होता. नोव्हेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांनी ती काढणार असं जाहीर केलं, फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि रेलिंग उखडायला सुरुवात झाली. भोपाळची त्याआधीच गेली होती. ज्याने निम्मे पैसे घातले तो एंड यूज विचारायला आलेला मला तरी दिसला नाही.

हे सगळं मला एवढं का झोंबतं, तर आमच्या भावजींमुळे. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ए.बी. रोडवर त्यांचं टाइल्सचं दुकान आहे. लेन झाल्यापासून गिऱ्हाइकाला दुकानासमोर गाडी लावता येईना, हे त्यांचं दुखणं. पण ते असं सरळ सांगत नसत. एका वर्षी गौरीच्या जेवणाला पुरणपोळीवर तूप वाढून घेताना, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, तुमची लेन दिवसभर रिकामी असते. पोरांना क्रिकेटला द्या." सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले, ते मी लक्षात ठेवलं.

सोमवारी संध्याकाळी सहाला मी भावजींना गीता भवनच्या स्टॉपवर बोलावलं. म्हटलं, अर्धा तास मोजू. ते दुकानातली उधारीची लाल वही घेऊन आले. मी ठरवलं होतं बसमधली माणसं मोजायची. पहिल्या बसला चाळीसपर्यंत पोचले, तेवढ्यात दाराशी उभे असलेले कोचिंगचे पोरं आणि त्यांच्या पाठीवरच्या बॅगा मध्ये आल्या. पुढच्या दोन बसना तर काचेला चिकटलेले हात तेवढे दिसत होते. मी वहीत लिहिलं, "भरलेली". भावजी म्हणाले, "बँकेत असं लिहिता का, भरलेली? आकडा सांगा." आकडा माझ्याकडे नव्हता.

त्यांनी काय मोजलं असेल? मनगटावरचं घड्याळ बघत त्यांनी रिकामा डांबरी रस्ता मोजला. तीस मिनिटांतली सत्तावीस मिनिटं आमच्या समोरच्या लेनमध्ये एकही बस नव्हती. वही माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे बघा, यात अंदाजपंचे काही नाही." मग त्यांनीच मला छप्पन दुकानवर नेऊन शिकंजी पाजली, म्हणजे वर उपकारही झाला.

रात्री भांडी आवरताना मला उत्तर सुचलं. काउंटरवर रांग नाही म्हणून काउंटर रिकामं, असं बँकेत कोणी म्हणतं का? रांग नाही म्हणजे काम पटापट होतंय. लेन सत्तावीस मिनिटं रिकामी दिसली, कारण बस त्यात अडकत नव्हती, येत होती आणि निघून जात होती. शेजारी गाड्यांनी भरलेला रस्ता त्यांना कामाचा वाटत होता, कारण त्यावरून कोणी हलतच नव्हतं. हे मी त्या रात्री फोन करून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता रेलिंग गेल्यावर सांगून काय उपयोग, म्हणून इथे लिहितेय.

तुमच्या हवामानाशी याचा संबंध असा. सगळे म्हणतात, डिझेल काढा, ई-बस आणा, झालं. जरा गणित करा. मोठ्या ई-बसला किलोमीटरला साधारण एक युनिट वीज लागते, एसी असेल तर थोडी जास्त. आपली वीज अजून बहुतेक कोळशाची, एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेलची मोठी बस लिटरला तीन-चार किलोमीटर जाते आणि एका लिटरमागे अडीच किलोपेक्षा थोडा जास्त वायू सोडते. दोन्ही आकडे शेजारी लिहा, फरक वाटतो तेवढा मोठा निघत नाही. खरा फरक पडतो तो स्कूटरवाला आणि कारवाला बसमध्ये बसला तर. आणि तो बसतो बस वेळेवर पोचते म्हणून, बॅटरी बघून कोणी बस धरत नाही. म्हणून माझ्या हिशेबात लेन आधी, इंजिन नंतर.

बसच्या इंधनाची गोष्ट आमच्याकडे तशी चांगली आहे. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटमध्ये रोज 550 टन ओला कचरा जिरवण्याची सोय आहे आणि त्यातला गॅस सिटी बसना जातो. माझ्या घरच्या बटाट्याच्या सालींवर बस चालते, असं मी पुण्याच्या पाहुण्यांना मुद्दाम ऐकवते.

निधीचं म्हणाल तर दोन गोष्टी मला कर्जवाली म्हणून आवडल्या. पीएम ई-बस सेवा ही 2023 ची योजना. त्यात केंद्र बस विकत घ्यायला रक्कम देऊन मोकळं होत नाही, धावण्यासाठी देतं. बारा मीटरच्या बसला किलोमीटरमागे 24 रुपये, तेही दहा वर्षं. दुसरी 2024 ची पेमेंट सिक्युरिटीची, 3,435 कोटींची. शहराने बस ऑपरेटरचे पैसे थकवले तर आधी त्या निधीतून द्यायचे आणि मग राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून थेट वळते करून घ्यायचे. याला म्हणतात तारण! ज्याने कोणी हे सुचवलं त्याने आयुष्यात कधीतरी थकीत खाती बघितली असणार.

ग्रीन बाँडही तसाच, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज. आमच्या महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचा काढला. कशासाठी? जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प, म्हणजे नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायच्या पंपांचं वीजबिल कमी. 8.25 टक्के व्याज. मी थोडे घेतले. पैसा कशाला लागणार, ते आधीच कागदावर लिहिलेलं होतं, म्हणून घेतले. तेव्हा बाँड काढा, पण त्यात हेही लिहा की अमुक रस्त्यावरची बसची लेन पंधरा वर्षं मोडणार नाही आणि मोडली तर मुद्दल व्याजासकट परत. अनुदानाच्या करारातही हेच कलम घाला. बघा मग कोण मोडतं ते.

आता भावजींच्या बाजूचंही लिहिते, नाहीतर घरी कोणी हे वाचून दाखवलं तर पुन्हा पंगतीत निघेल. एल.आय.जी. ते नवलखा या पट्ट्यात लेनमुळे बाकीचा रस्ता खरंच अरुंद झाला होता. मधल्या स्टॉपवर जायला म्हाताऱ्या माणसाला धावत्या गाड्यांतून रस्ता ओलांडावा लागायचा. वस्तीतून लेनच्या स्टॉपपर्यंत आणणाऱ्या फीडर बस तर नावालाच होत्या. पण गिरणीचा पट्टा तुटला तर पट्टा बदलतात ना?

मेट्रोचं राहिलं. 2018 साली साडेसात हजार कोटींची मंजूर झाली, साडेएकतीस किलोमीटरची. मे 2025 मध्ये त्यातला सहाएक किलोमीटरचा तुकडा सुपर कॉरिडॉर या रस्त्यावर सुरू झाला. त्या पिलरमधल्या सिमेंट-लोखंडाचा कार्बन आजच हवेत गेलाय, तो फेडायला डबे भरायला हवेत. मी एकदाच बसले, आमचा डबा जवळजवळ रिकामा होता. भावजी सोबत होते आणि तिकीट त्यांनीच काढलं होतं, म्हणून या वेळी मी वही काढली नाही.