सरकारी वकील झालं तर रिटायरमेंटनंतर पेन्शन मिळते का?

तुमची मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सरकारी वकील झाली तर म्हातारपणी काय हाताशी येईल असं विचारलंय तुम्ही. मी सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून मॅजिस्ट्रेट कोर्टात २८ वर्षं काढली, ५८ पूर्ण झाली तशी २०२२ ला रिटायर झालो, तर महाराष्ट्रातलं सांगतो.

पहिलं म्हणजे कुठला सरकारी वकील? सेशन्स कोर्टातला जिल्हा सरकारी वकील, ज्याचा गावात रुबाब असतो, तो मुदतीवर नेमलेला आणि फीवर काम करणारा असतो, त्याला पेन्शनही नाही नि ग्रॅच्युइटीही नाही, मुदत संपली की परत आपली प्रॅक्टिस. आम्ही एमपीएससीतून आलेले, अभियोग संचालनालयाचे पगारी नोकर. लोक दोघांनाही सरकारी वकीलच म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो.

मी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेलो, म्हणून १९८२ च्या नियमांची जुनी पेन्शन बसली. शेवटच्या बेसिकच्या निम्मी, वर महागाई भत्ता. त्यातली ४० टक्के मी विकली, म्हणजे तेवढ्या भागाचे पैसे एकरकमी घेतले, तो भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. शिल्लक अर्जित रजेचा पगार जास्तीत जास्त ३०० दिवसांचा. ग्रॅच्युइटीची मर्यादा आता २० लाख आहे, पण ती १ सप्टेंबर २०२४ पासून, आम्ही १४ लाखांच्या जमान्यात बाहेर पडलो, काय करणार!

मुलीला मात्र एनपीएस लागेल, म्हणजे दरमहा पैसे साठवून त्यातून पेन्शन देणारी योजना. तिच्या बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के कापणार, सरकार १४ टक्के घालणार. ग्रॅच्युइटी त्यातही आहे. पेन्शनचा विकल्प भरायचा कागद कधी समोर आला तर क्लार्क म्हणतो म्हणून सही करू नये, स्वतः वाचावं.

आणि खरा त्रास सेवापुस्तकाचा, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदी असतात त्या पुस्तकाचा. माझ्या दोन बदल्यांमधल्या रजेच्या नोंदीच नव्हत्या, वेतन पडताळणीला ऑब्जेक्शन निघालं, जुन्या ऑफिसला चार चकरा, तिथला क्लार्कही बदललेला, आणि सात महिने तात्पुरत्या पेन्शनवर काढले. दुसऱ्यांच्या केसचे कागद आयुष्यभर तपासले, स्वतःचे कधी पाहिलेच नाहीत. मुलगी लागली की दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे त्याची दुसरी प्रत, स्वतःकडे ठेवायला सांगा, आणि दरवर्षी त्यात नोंदी करून सही-शिक्का घ्यायला लावा.