नंबर तोच, कंपनी नवी

आपला मोबाइल नंबर कोल्हापूरकडचा असून आता आपण निपाणीत राहायला आला असाल, तरी तो सोडू नका. 3 जुलै 2015 पासून राज्य बदलले तरी नंबर कायम ठेवता येतो. सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झाल्यावर इंग्रजीत ‘PORT’ लिहून जागा सोडून आपला नंबर 1900 वर एसएमएसने पाठवा. उत्तरात येणारा आठ अक्षरांचा कोड चार दिवसच चालतो, म्हणून मी तो लगेच वहीत उतरवतो आणि त्याच दिवशी आधार घेऊन नव्या कंपनीचे दुकान गाठतो. कर्नाटकातल्या कर्नाटकात तीन, तर महाराष्ट्राचा नंबर इकडे आणताना पाच कामकाजाचे दिवस लागतात. जुना बॅलन्स मात्र बुडतो. पोस्टपेडचे थकलेले बिल आधी भरा.