गाईला चारा पुरतो, मग कोंबडीला लायसिन का?

प्रश्न : गाय चारा खाऊन दूध देते, कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात मात्र प्रथिने पुरेशी असूनही लायसिन किंवा मेथिओनिन वेगळे मिसळतात. असे का? माणसाचे शरीर यांपैकी कोणाच्या जवळचे?

उत्तर : प्रथिने २० अमिनो आम्लांपासून घडतात. त्यांपैकी हिस्टिडिन, आयसोल्यूसिन, ल्यूसिन, लायसिन, मेथिओनिन, फेनिलअॅलॅनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन ही ९ आम्ले प्रौढ माणसाला आहारातूनच मिळवावी लागतात. यांपैकी एक जरी कमी पडले तरी प्रथिनांची बांधणी तेवढ्यावरच अडते, आणि उरलेली आम्ले साठवण्याची सोय शरीरात नसल्याने त्यांतील बराचसा नायट्रोजन युरियाच्या किंवा कोंबडीत यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकला जातो. त्यामुळे खाद्याच्या पोत्यावरील प्रथिनांची टक्केवारी ही अर्धीच माहिती होय. ऑस्बर्न आणि मेंडेल या अमेरिकी संशोधकांनी १९१४ मध्ये हे उंदरांवर दाखवले : मक्यातील झेइन हे एकच प्रथिन दिल्यावर उंदरांचे वजन घटले, ट्रिप्टोफॅन मिसळल्यावर ते टिकले, पण वाढ सुरू झाली ती लायसिनही दिल्यानंतरच.

मका-सोयाबीनच्या खाद्यात कोंबडीला प्रथम मेथिओनिन कमी पडते, तर धान्यप्रधान खाद्यात डुकराला लायसिन. तेवढ्यासाठी सगळीच प्रथिने वाढवण्यापेक्षा उणे असलेले आम्ल मोजून घालणे शहाणपणाचे, कारण त्याने विष्ठा-मूत्रातला नायट्रोजनही घटतो.

गाईच्या पेशींनाही हीच आम्ले लागतात. फरक आहे तो कोटीपोटाचा, म्हणजे तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याचा. तेथील सूक्ष्मजीव चाऱ्यातील नायट्रोजनपासून, अगदी मर्यादित युरियापासूनही, सर्व आम्ले तयार करतात आणि पुढे तेच सूक्ष्मजीव गाईच्या आतड्यात पचतात. मात्र भरपूर दूध देणाऱ्या गाईला हा पुरवठा अपुरा पडू शकतो, आणि साधे मेथिओनिन दिल्यास त्याचा बराचसा भाग सूक्ष्मजीवच मोडून टाकतात, म्हणून ते संरक्षक आवरणात द्यावे लागते. लहान वासराचे कोटीपोट विकसित झालेले नसते, त्यामुळे त्याची भिस्त दुधावरच.

माणूस या बाबतीत डुकराच्या जवळचा. तृणधान्यांत लायसिन कमी आणि कडधान्यांत मेथिओनिन कमी असल्याने दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात; ती एकाच जेवणात असायला हवीत असा आग्रह मात्र अनाठायी आहे, दिवसभराच्या आहारात ती आली तरी चालते.